ताप चौथ्या कप्प्यात

मांडी घालून बसा, बाळांनो, आणि एकमेकांना चिमटे काढू नका. एका जंगलात औषधांचं कोठार होतं, आणि ते चक्क सुरळीत चालत होतं!

आत कप्पे लावायला मुंगूसआप्पा. बाहेर खिडकीत पोपटअण्णा. अण्णांसमोर एक तक्ता. कुणी आजार सांगितला, की अण्णा तक्ता बघून ओरडत, "ताप, चार!" की आप्पा चौथ्या कप्प्यातली पुडी बाहेर सरकवत.

अण्णा कोठारात कधी गेलेच नव्हते. तक्ता होता ना!

एकदा आप्पांनी तिसरा कप्पा उघडला. जुलाब थांबवायचं औषध आणि जुलाब करवायचं औषध, दोन्ही एकाच कप्प्यात कोंबलेली. आप्पांनी एकाचे दोन कप्पे केले आणि पुढची औषधं एकेक घर सरकवली. तशी चिठ्ठी नियमाप्रमाणे मागच्या दारावर लावली. अण्णा बसत पुढच्या खिडकीत.

दुसऱ्या दिवशी हत्तीदादा ताप घेऊन आले. "ताप, चार!" पुढचं लहान मुलांना सांगण्यासारखं नाही. ओढ्याच्या खालच्या अंगाच्या वस्तीने दोन दिवस पाणी भरलं नाही, एवढंच सांगतो.

मग साळूबाई धावत आली. तिचं पिल्लू तापानं फणफणलं होतं.

"ताप, चार!"

साळूबाईने पुडी हुंगली. "अहो अण्णा, हे जुलाबाचं आहे!"

"चौथ्या कप्प्यातलं आहे ना? मग तापाचंच."

"आप्पा, तुम्ही तरी बघा हो!"

आतून आवाज आला, "मला चार सांगितलं, मी चार दिलं. आजार खिडकीत सांगायचा."

"माझं लेकरू हातचं जाईल!"

"अर्ज करा," अण्णा म्हणाले.

साळूबाईने काटे फुलवले आणि सरळ आत घुसली. हुंगत हुंगत पाचव्या कप्प्यातून तिने गुळवेल काढली. दुसऱ्या दिवशी पिल्लू उठून जांभळं मागू लागलं. मला तर हे सांगतानाही बरं वाटतं.

सिंहमहाराजांनी चौकशी लावली. अण्णा तक्त्याप्रमाणे वागले होते, आप्पा नियमाप्रमाणे. दोघांचा सत्कार झाला. साळूबाईला कोठारबंदी झाली.

"पण महाराज, पुन्हा ताप आला तर?" तिने विचारलं.

महाराजांनी तक्ता मागवला, पाचव्या कप्प्यापुढे काय लिहिलंय ते पाहिलं आणि हुकूम काढला, "ज्याला ताप येईल, त्याने खिडकीत 'खाज' सांगावं."

तेव्हापासून त्या जंगलात तापकरी अंग खाजवत रांगेत उभे राहतात, आणि खडखडीत बरे होऊन घरी जातात.

तात्पर्य: तक्ता बदलणं फार कष्टाचं काम आहे. त्या मानाने आजार बदलणं सोपं.