पयलेपासून म्हणजे कवापासून?

गावंडे सर पंगतीत बसले की यजमानाला घाम फुटतो. पानात चटणीच्या जागी लिंबू दिसलं, की हे गृहस्थ हात वर करून वाढप्याला थांबवतात. "हे असं काऊन?"

"आमच्यात पयलेपासून असंच असते, सर."

झालं! मागे वरणाची बादली खोळंबली तरी चालेल, सरांचा सवाल सुटतोच, "पयलेपासून म्हणजे कवापासून बे?"

एकदा सोयऱ्यांकडच्या लग्नात नवरीची आजी त्यांना म्हणालीसुद्धा, "मास्तर, तुम्ही जेवून राह्यले का तपासून राह्यले?"

सरांनी मेहकरात तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. सर रिटायर झाले, पण समाजशास्त्र काही रिटायर व्हायला तयार नाही. मी त्यांचा शेजारी असल्यामुळे त्यांचा एकुलता एक वर्ग आता माझ्या ओट्यावर भरतो. "धर्म म्हना, संस्कृती म्हना, आभायातून पडत नाही. दोन गावं घ्याची, त्यायच्यातला फरक पकडाचा, अन् मांगं मांगं चालत जायचं." असं मागं मागं चालत जाताना एकदा ते खरोखरच नालीत पडले. वर काढलं तर म्हणतात, "नाली इथंच काऊन, तेच पाहून राह्यलो होतो."

या माणसाला काबूत ठेवणारी एकच व्यक्ती होती, मालतीकाकू. त्यांच्या घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, आल्या की सरांच्या शंकांना तीन दिवस उधाण. "सोळाच भाज्या काऊन?" सर विचारायचे. काकू म्हणायच्या, "तुम्ही खोबरं किसा." सर खोबरं किसायचे.

गेल्या दिवाळीनंतर काकू गेल्या. यंदा महालक्ष्म्या जवळ आल्या, तेव्हा मुलानं फोनवरून सांगितलं की आता बंद करा. गल्लीतल्या बायका हळहळत म्हणाल्या, "बाईमानसाबिगर महालक्ष्म्या येत नाहीत, सर. पयलेपासून तसंच आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. पुढचं मला पाठ होतं. पण सरांनी नुसती मान डोलावली. त्या गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "एक तरी घर असीन, जिथं गडीमानसानं आनल्या. एक उदाहरन भेटलं ना, तं माह्या घरी बसतीन. चाला!"

दोन एसट्या बदलून आम्ही सोनाळ्याला पोचलो. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आजीनं आम्हाला महालक्ष्म्यांची खोली दाखवली. दर वर्षी त्यांचं तोंड पश्चिमेकडे असतं, हे ऐकताच सरांचे डोळे लकाकले. जुनी व्यापाराची वाट, बाहेरून येऊन वसलेली घराणी, मावळतीचं महत्त्व, असा पाऊण तास इतिहास त्यांनी तिला ऐकवला.

आजीनं सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वाट-बिट काही नाही बाप्पा. तिकडं माह्या सासूचा पलंग होता. तिले उठता येत नव्हतं. पडल्या पडल्या दिसाव्या म्हनून तोंड तिकडं केलं."

"पलंग कुठी आहे आता?"

"मोडला. सासूही गेली. मी सून होती तवाची गोष्ट हाय."

"मंग आता तोंड काऊन तिकडं?"

"पयलेपासून तसंच असते ना!"

सर अक्षरशः नाचले. "पलंग मोडला, प्रथा उभी! लिहून घ्या!" मग आवाज एकदम खाली आणून त्यांनी विचारलं, "अन् आजी, गड्यानं आनल्या तं?"

"मंग निऱ्या कोन घालीन? तुम्ही?" आजीला हसता हसता ठसका लागला.

पुढे धामणगाव बढे झालं, वाटेतली चार खेडी झाली. उदाहरण मिळालं नाही. परतताना सरांनी एसटीत डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं.

दोन दिवसांनी त्यांच्याकडे गेलो, तर स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरला काकूंची मोरपंखी साडी नेसवलेली! सर तोंडात पिना धरून जमिनीवर बसले होते.

"सर, उदाहरण तर भेटलं नाही ना?"

पिना काढून ते म्हणाले, "कोनी करीन तवाच भेटीन ना! पदर धरा."

सिलिंडर तसा देखणा दिसत होता, फक्त पोटात जरा सुटलेला.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी संध्याकाळी मी केळीची पानं घेऊन गेलो. फाटकातच सरांचा आवाज ऐकू आला, "कोन आलं?" मग धावत्या पावलांचा आवाज, आणि दाराशी येऊन सरच धापा टाकत म्हणाले, "महालक्ष्मी आल्या." पुन्हा आत धाव. "कशाच्या पावलानं?" पुन्हा बाहेर. "सोन्याच्या पावलानं." हातात ताम्हनातला मुखवटा, धोतराला कुंकू, आणि उंबऱ्यापासून आतपर्यंत काढलेली पावलं या धावपळीत पार फिसकटलेली.

मला पाहून ते थांबले.

"याले दोन मानसं लागतात," सर म्हणाले. "तुमची काकू बाहेरून बोले. आतून मी."

मी पानं ओट्यावर ठेवली, मागच्या दारानं आत गेलो आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं विचारलं, "कोण आलं?"

बाहेर सरांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. मी पुन्हा विचारलं नाही. आत उभा राहिलो.