घरगुती होकार, आवृत्ती पहिली

"आपल्या घरात 'हो' म्हणायचा अधिकार नेमका कोणाकडे आहे?"

हा प्रश्न मी रात्रीच्या जेवणाला, पाण्याचा ग्लास हातात धरून, अत्यंत गंभीरपणे विचारला. मैत्रिणींनी पैज लावली होती. "विचारूनच दाखव, तुझी हिंमतच होणार नाही," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मी शाळेच्या हँडबॉल संघाची गोलकीपर आहे. अंगावर आलेलं मी सहसा सोडत नाही.

प्रश्नाला पार्श्वभूमी होती. सुट्टीत गोलकीपर मुलींचं निवासी शिबिर होतं. शनिवारपर्यंत घरचा होकार कळवायचा होता, नाहीतर माझी जागा राखीव गोलकीपरला जाणार होती, जी चेंडू आला की डोळे मिटून घेते. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "बाबांना विचार." बाबांना विचारलं. ते म्हणाले, "आईला विचार." आमच्या घरातली ही सर्वांत जुनी आणि एकदाही बंद न पडलेली यंत्रणा आहे.

दुसऱ्या घरात या प्रश्नावर मला बोलणी बसली असती. पण माझी आई कंपनीत एपीआय बांधते. एपीआय म्हणजे भिंतीतली खिडकी. आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. आपण बाहेरून मागायचं, आत ठरलेल्या नियमांनी तपासणी होते, आणि जे द्यायचं ते खिडकीतून मिळतं किंवा मिळत नाही. आईने चमचा खाली ठेवला. तिचे डोळे चमकले.

"बरोबर आहे तिचं. आपल्याकडे अधिकारांची व्याख्याच झालेली नाही."

बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. संकट त्यांना लांबूनच दिसतं. "अगं, पाठवायचं तर पाठव, नको तर नको. पण व्याख्या नको."

"म्हणजे मी जाऊ?" मी संधी साधली.

"आईला विचार."

होकार-नकारासाठी फोनवर चालणारी घरगुती व्यवस्था आईने बांधायला घेतली. आधी घराचं डेटा मॉडेल तयार केलं. म्हणजे प्रत्येक माणसाला एक चौकट आणि चौकटीत रकाने. माझ्या चौकटीत वय, इयत्ता, टक्के, शेवटचा ताप आणि घरी परतण्याची वेळ हे रकाने होते. गोलकीपर कशातच बसेना.

"छंदात टाक ना," मी म्हटलं.

"छंद हा रकाना ठेवला नाहीये."

"मग?"

"'इतर'मध्ये जाईल."

तेव्हापासून अधिकृतरीत्या मी इतर आहे. बाबांच्या चौकटीत 'मत' हा रकाना होता. तो ऐच्छिक होता. बाबांनी तो रिकामा सोडला आणि पुढचं बटण दाबलं.

मग सुरक्षा. "सुरक्षेचं पहिलं तत्त्व सांगा," आई म्हणाली.

"दाराला कडी लावणं," बाबा म्हणाले.

"शंका असेल तिथे नकार! होकार धोकादायक असतो. एकदा बाहेर पडला की परत घेता येत नाही. नकाराने आजवर कुणाचं काय बिघडलंय?"

त्यामुळे होकाराला पासवर्ड लागला, त्यावर फोनवर येणारा कोड, त्यावर अंगठा. एवढं करून मिळालेला प्रवेश थोड्याच वेळात आपोआप संपत असे, त्यामुळे बाबांना चहाचा घोट आणि होकार यांपैकी एकच काहीतरी घेता येई. नकाराची खिडकी मात्र सताड उघडी ठेवली: कोणीही नकार द्यावा, एक आला तरी विनंती फेटाळलेली. जोखीम शून्य असताना कुलूप कशाला?

गुरुवारी संध्याकाळी व्यवस्था सुरू झाली. मी शिबिराची विनंती टाकली. आईचा फोन वाजला: बाबांच्या मंजुरीनंतरच मंजुरी देता येईल. बाबांचा फोन वाजला: आईच्या मंजुरीनंतरच. पुन्हा आईचा. पुन्हा बाबांचा. दोघं एकाच सोफ्यावर मांडीला मांडी लावून बसले होते.

"काहीतरी बिघडलंय," बाबा पुटपुटले.

"काही बिघडलेलं नाही," आई अभिमानाने म्हणाली. "आपल्या घरात जसं चालतं, तस्संच चाललंय!"

"आई, तुम्ही शेजारी बसलाय गं! तोंडाने बोला ना एकदा!"

"तोंडाची नोंद राहत नाही, राणी."

होकार असा सोफ्यावर फेऱ्या मारत असताना पहिला नकार आला. तो समोरच्या काकूंचा होता. पार्सल ताब्यात घेण्यापुरता आईने त्यांना आमच्या व्यवस्थेत प्रवेश दिला होता. 'चेंडू नाकावर बसला म्हणजे?' असं त्यांनी कारणात लिहिलं होतं. आईने तपासून सांगितलं की नकार वैध आहे. मग मावशीचा आला. मग बाबांच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने, नव्या चष्म्यातून बारीक अक्षर दिसतंय का हे बघायला, काउंटरवरच्या फोनमधली माझी विनंती वाचली आणि जाता जाता नाकारली.

"चष्मा झकास लागलाय म्हणाला," बाबांनी कळवलं.

शुक्रवारी नकारांचा ढीग उपसताना काही नकार अगदीच अनोळखी निघाले. नाव नाही, पत्ता नाही. हे वाचताना 'एवढीशी मुलगी, एकटी राहणार, तेही चेंडू अडवायला?' असं क्षणभर तुमच्या मनात आलं असेल, तर तुमचाही नकार पोहोचला. आभारी आहे. बघा, पासवर्डसुद्धा लागला नाही तुम्हाला.

शनिवारी सकाळी मी रडले नाही. मी नवी विनंती टाकली: 'या सुट्टीत घरीच राहण्याची परवानगी मिळावी.'

आईचा फोन वाजला, बाबांचा वाजला, आईचा वाजला. काकूंचा नकार दूध उतू जाण्याआधी आला: 'घरात लोळून मुली आळशी होतात.' मावशीने लिहिलं, 'सारखा मोबाइल बघत बसेल.' चष्मेवाल्या गिऱ्हाइकाने कारण न देता नाकारलं. त्याला आता सवय लागली होती.

निकाल मी कोच मॅडमना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "घरी राहायला सक्त मनाई, इतका स्पष्ट पाठिंबा मला कुठल्याच घरातून मिळाला नाही गं. ये तू!"

मी बॅग भरून बाहेरच्या खोलीत आले. आई फोनच्या पडद्याकडे बघत होती, बाबा आईकडे.

"आई, बाबा," मी म्हटलं, "घरी राहण्याची माझी विनंती रीतसर फेटाळली गेली आहे. व्यवस्था सुरक्षित असल्यामुळे तुम्हा दोघांनाही तो निकाल बदलता येणार नाही. मी शिबिराला निघालेय. तुम्ही सावकाश हो म्हणा."