डावीकडे गाय, उजवीकडेही गाय

निबंध तपासावा तर मीच! हे मी नाही, आमची अख्खी शाळा सांगते. (मी विचारलं तर.) पहिली ओळ वाचली की माझ्या लाल पेनातून गुण आपोआप पडतात. पुढचं वाचायची गरजच काय? म्हणून तर लोहा तालुक्याच्या निबंध स्पर्धेत मुख्य परीक्षकाची खुर्ची दरवर्षी माझी. शाल, नारळ आणि मुख्य म्हणजे भाषण!

तर लातूरच्या एका कॉलेजातून कहकशां मॅडम आमच्या शाळेत संशोधनासाठी आल्या. म्हणाल्या, "सर, मोबाइलवर दोन निबंध शेजारी-शेजारी येतील. जो चांगला वाटंल त्याच्यावर बोट ठेवायचं. बस्स!"

"आणि गुण?"

"गुण द्यायचेच न्हाईत. असे लई शिक्षक लई जोड्या बघतील. त्यावरून कॉम्प्युटर पहिल्यापासून शेवटापर्यंत क्रम लावंल."

मला हसूच आलं. बाजारात दोन वांगी हातात घेऊन बघतात तसे निबंध तपासायचे? मुख्याध्यापिका उमादेवी मॅडमसमोर मी ठणकावलं, "आठवीचे निबंध मी आधीच तपासलेत. कॉम्प्युटरचा पहिला नंबर माझ्यापेक्षा वेगळा निघाला, तर परीक्षकाची खुर्ची सोडतो!"

"बघा बरं सर, सगळ्यांसमोर बोलून राहिलात," उमादेवी मॅडम म्हणाल्या.

अक्षरावरून कुणी भुलू नये म्हणून कहकशां मॅडमनी नावं काढून आमच्या आठवीचे सगळे निबंध टाइप करून घेतले. लोहा, देगलूर, रेणापूरचे शिक्षक आपापले मोबाइल घेऊन बसले. विषय होता 'माझा आवडता प्राणी'.

मी पहिली जोडी उघडली. डावीकडे, 'भारत हा कृषिप्रधान देश आहे. गाय ही त्याची शान आहे.' वा! ही तर मीच वर्गाला लिहून दिलेली गाय! उजवीकडे पाहिलं. 'भारत हा कृषिप्रधान देश आहे. गाय ही...' बरं, डावी गाय निवडली. पुढची जोडी. पुन्हा गाय आणि पुन्हा गाय! वर्षानुवर्षं मी हाच निबंध फळ्यावर लिहून देतो आणि पोरं इमानदारीनं पाठ करतात. आता माझ्याच दोन गायींतून मी निवडू तरी कोणती?

तेवढ्यात देगलूरहून गुलाम रसूल सरांचा फोन. "अहो सुदर्शन सर, हे काय करून ठेवलंय? डाव्या बाजूला गाय, उजव्या बाजूला बी तीच गाय! मला वाटलं मोबाइलच बिघडला!"

"नेटवर्क खराब असेल," मी म्हणालो.

"नेटवर्कमुळं गाय येती का सर?"

मी घाईनं फोन ठेवला आणि पुढची जोडी उघडली. डावीकडे गाय होतीच. उजवीकडे होतं, 'आमची शेळी लई खादाड हाय. बाबा तिला विकायला बाजारात घेऊन गेले. गिऱ्हाईक दात बघायला वाकलं, तर तिनं त्याची टोपीच खाल्ली. सौदा मोडला. बाबा तिला घेऊन चालत घरी निघाले. मी मागं होते. रस्ताभर बाबा तिच्याशी बोलत होते. माझ्याशी ते इतकं कधीच बोलले न्हाईत.'

मी थक्क झालो! टोपीपाशी हसलो आणि शेवटच्या ओळीशी थबकलो. पुन्हा वाचलं, पुन्हा तेच झालं. बोट आपोआप शेळीवर गेलं. पुढेही ती शेळी जिथे जिथे आली, तिथे मी शेळीच निवडली. कुणाचा असेल हा निबंध? मी ह्याला दहापैकी दहाच दिले असणार!

निकालाच्या दिवशी कहकशां मॅडमनी स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडला. शेळी पहिली! वेगवेगळ्या गावी बसलेल्या सगळ्या शिक्षकांनी शेळीवरच बोट ठेवलं होतं. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, तरी सगळ्यांना तेच दिसलं. माझ्या अंगावर काटा आला.

"निबंध कुणाचा हो?" मी विचारलं.

"शिवांगीचा," उमादेवी मॅडम म्हणाल्या. "तुमच्या हिशोबानं शेवटून पहिली. दहापैकी तीन."

मी तपासलेला गठ्ठा काढला. तिच्या निबंधात पहिल्याच ओळीखाली माझा लाल शेरा होता, 'कृषिप्रधान कुठे?'

"खुर्ची सोडतो," मी पुटपुटलो.

"थांबा सर," कहकशां मॅडम म्हणाल्या. "जोड्या बघताना सगळ्यांत भरवशाचे परीक्षक तुम्हीच निघालात! शेळी समोर आली की दर वेळी तुम्ही स्वतःचाच निबंध पाडलात. चूक त्या पेनाची हाय."

उमादेवी मॅडमनी खुर्ची मला ठेवली आणि लाल पेन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी शिवांगीला वर्गात निबंध वाचायला लावला. टाळ्या पडल्या. मी इतका भारावलो की म्हणालो, "पोरांनो, असं लिहायला पाहिजे!" आणि खडू घेऊन फळ्याकडे वळलो. 'आमची शेळी लई खादाड...' मागे भराभर वह्या उघडल्या.

"सर!" शिवांगी उभी राहिली. "ती आमची शेळी हाय. ह्यांनी आपापल्या घरचं बघावं की!"

मी गुपचूप फळा पुसला. "ऐकलं ना? आपापलं लिहा!"

वर्ग विचारात पडला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, टोपी आमच्या गायीनं खाल्ली तर चालंल का?"