प्रयोगशाळा तळमजल्यावरच

आमच्या विद्यापीठात विज्ञानाची नवी इमारत अजून उभी राहायची आहे, पण तिच्या भिंतीतून गेल्याबद्दल मी दोनदा बोलणी खाल्ली आहेत. रसायनशास्त्राचे पास्कल सर रोज सकाळी मोकळ्या प्लॉटवर पांढरी फक्की मारून कबड्डीच्या मैदानासारखी अख्खी इमारत आखतात. रेघ ओलांडली की लांबूनच आवाज येतो, "मास्तर, भिंतीतनं कुठं चाललात? दार तिकडं हाय." आणि आपण मुकाट फिरून दाराने जातो. करणार काय! काशीदला निघालेल्या पर्यटकांनी एकदा तिथं गाडी लावली, तर प्रयोगशाळेत गाडी आणता म्हणून सरांनी त्यांना असं झापलं, की ते बिचारे रिकाम्या प्लॉटची माफी मागून गेले.

"कागदावर सगळंच मावतं," हे त्यांचं पालुपद. नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

मी मराठीचा. विज्ञानाच्या इमारतीच्या समितीत मला घेतलं ते इतिवृत्त लिहायला, त्यामुळे सगळा तमाशा बसून बघावा लागला. विद्यापीठ ख्रिस्ती, त्यामुळे समितीचे अध्यक्ष रेक्टर फादर. त्यांना तळमजल्यावर सभागृह हवं होतं, पाहुण्यांना जिने नकोत म्हणून. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. पास्कल सर एकच धरून बसले: प्रयोगशाळा तळमजल्यावरच. लिफ्ट आहे की, असं आर्किटेक्ट म्हणाला. सर म्हणाले, आमच्याकडं वारा सुटला की आधी लाइट जाते, मग लिफ्टमध्ये काय माळ जपत बसायचं? फादर हसले, पण हलले नाहीत.

सगळ्यांना वाटायचं, सरांचे गुडघे दुखतात म्हणून हा हट्ट. चहाच्या वेळी त्या गुडघ्यांवर भरपूर विनोद व्हायचे. सर ऐकून घ्यायचे. माणूस येत्या मे महिन्यात रिटायर होणार, त्याच्या गुडघ्यांना नवी इमारत चढायचीच नाही, हे एवढ्या डॉक्टरेटवाल्यांत कुणाच्या टाळक्यात आलं नाही.

नकाशावर सही व्हायच्या दिवशी सरांनी अख्ख्या समितीला जुन्या इमारतीच्या जिन्याखाली बोलावलं. सध्याची प्रयोगशाळा तिथंच, वरच्या मजल्यावर. जिन्याशी एक खुर्ची मांडली होती. फादरांना त्यांनी खुर्चीत बसवलं आणि आम्हाला म्हणाले, उचला. फादरांची प्रकृती चांगली भरभक्कम. आम्ही चौघे कण्हत कुथत निघालो. अर्ध्या जिन्यावर खुर्ची कलली, तशी फादरांनी माझी मानगूट धरली आणि येशूचा धावा केला. वरून उतरणारी पोरं भिंतीला चिकटून बघत राहिली.

"खाली ठेवा," फादर म्हणाले. चेहरा लाल झाला होता.

"माझ्या सिल्वीला आम्ही आठवडाभर असंच वर नेलं," सर म्हणाले. "पोरं बघायची. मग तीच बोलली, पप्पा, मी आर्ट्सला जाते."

सिल्वी त्यांची मुलगी. लहानपणापासून व्हीलचेअरवर. घरी इतिहासाच्या शिकवण्या घेते; आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. एवढं आम्हाला ठाऊक होतं. तिला रसायनशास्त्र हवं होतं, हे मात्र कधी कुणी विचारलंच नव्हतं. आधी का नाही बोललात, असं फादरांनी विचारलं. तर म्हणे, माझं नाव घेऊन काही मागायचं नाही, अशी तिने शपथ घातली होती, ती आज मोडली. फादरांनी जिन्यावरच नकाशात दुरुस्ती करून सही केली. हे इतिवृत्तात कसं लिहावं ते मला काही केल्या सुचेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर तिला प्लॉटवर घेऊन आले. मीही बरोबर होतो. दार रुंद आहे, उंबरा नाही, वळायला जागा आहे, सर दाखवत होते आणि ती ऐकत होती. मग तिने हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपलं.

"पप्पा, टेबल केवढं उंच केलंय? उभं राहणाऱ्यांचं, की बसणाऱ्यांचं?"

इतकं भांडून सर एवढंच विसरले होते. मग तिच्या खुर्चीशेजारी उकिडवे बसले, तिचा हात जिथवर पोचत होता तिथं आपला तळवा आडवा धरला, आणि तो तसाच धरून मला म्हणाले, "मास्तर, फादरांना सांगा. उद्या परत मिटिंग."