बारा एप्रिलच्या लोहाउसबाई

लुबर्ट वेसेलिंकने आयुष्यात फक्त एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं तेच पत्र त्याला तोंडपाठ होतं. चार पानी, निळ्या शाईतलं, हातानं लिहिलेलं. सुरुवातच अशी होती: ‘महाशय, तुमची गोळ्यांची डबी रोज सकाळी आठ वाजता माझं अभिनंदन करते. मी ब्याऐंशी वर्षांची आहे. रक्तदाबाची एक गोळी गिळण्यात मी कोणता पराक्रम केला, ते कृपया कळवावं. तिथे बसून माझं अभिनंदन कोण करतं, त्याचं नावही कळवावं.’ खाली सही होती, जे. लोहाउस, झुटफन.

नाव कळवणं अवघड नव्हतं. गोळी घेतली की डबीतून आणि फोनमधून ‘छान. अभिनंदन.’ असा आवाज यायचा, आणि ते दोन शब्द लुबर्टनेच लिहिले होते. म्हणून तर उत्तर सुचत नव्हतं.

लुबर्ट पूर्वी गावच्या वाचनालयात होता. आयसेल नदीकाठी, सायकलच्या दुकानाच्या मागे, पाच जणांची ही कंपनी निघाली, तेव्हा त्याला बोलावून घेतलं ते एकाच गुणासाठी: वैद्यकीय उपकरणांवरचा युरोपचा पावणेदोनशे पानांचा नियम शेवटपर्यंत वाचू शकणारा गावात तो एकटा होता. कायद्याने कंपनीत एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. लुबर्टला नाही म्हणता आलं नाही, तेव्हा तो जबाबदार झाला.

तक्रारींची कार्यपद्धतीही त्यानेच लिहिली होती. तक्रार आली की वहीत नोंदवायची आणि तीस दिवसांच्या आत टपालाने लेखी उत्तर द्यायचं. लोहाउसबाईंचं पत्र दोन वर्षांपूर्वी तेरा मार्चला आलं. त्या दिवशी ते त्याने वहीत नोंदवलं नाही, कारण उत्तरासकट एकदमच नोंदवू, असं त्याला वाटलं. मग त्याने सतरा मसुदे लिहिले. काही सरकारी वाटले, काही फाजील सलगीचे. निदान मुदत विसरू नये म्हणून, जिथे दिवसातून चारदा नजर जाणारच, अशा जागी त्याने बारा एप्रिलपुढे बारीक अक्षरात ‘लोहाउसबाई’ एवढंच लिहून ठेवलं. ती जागा म्हणजे ऑफिसच्या संडासात, इकडे घरोघरी असतं तसं, दारामागे टांगलेलं वाढदिवसांचं कॅलेंडर.

आणि आज बारा एप्रिललाच परीक्षक आल्या होत्या.

पूर्वी कंपनीने स्वतःच ‘आमची डबी ठीक आहे’ असं लिहून दिलं की भागायचं. पण ही डबी एक गोळी उशिरा घेतली तर पुढच्या गोळीची वेळ स्वतः ठरवायची. आणि जे यंत्र स्वतः ठरवतं, ते नव्या नियमात वरच्या वर्गात जातं, आणि त्याला बाहेरच्या माणसाचं प्रमाणपत्र लागतं. ते नाही मिळालं तर मे महिन्यापासून विक्री बंद. डबीशिवाय त्या पाच जणांना दुसरं काही येत नव्हतं.

परीक्षक बाकल्सबाई उंच होत्या आणि स्वतःचा चीज-पाव स्वतःच्या डब्यात घेऊन आल्या होत्या. समोर लुबर्ट बसला होता आणि त्याच्या शेजारी मालक योरित, दोन्ही गुडघे हलवत.

“दोन वर्षांत तक्रारी किती?” बाकल्सबाईंनी विचारलं.

“शून्य,” लुबर्ट म्हणाला. पत्र त्याच्या पिशवीत होतं, पुस्तकात खूण म्हणून घातलेलं.

“डबी विकता कुठे?”

“इथेच, नेदरलँड्समध्ये.”

“कोणाला?”

“वयस्कर लोकांना.”

“नेदरलँड्समधल्या वयस्कर लोकांना,” बाकल्सबाई सावकाश म्हणाल्या, “आणि तक्रार शून्य. माझी आई नव्वद वर्षांची आहे. परवा तिने चंद्राबद्दल तक्रार केली.”

“कोणाकडे?” योरितने विचारलं.

“नगरपालिकेकडे. खोलीत फार उजेड येतो म्हणून.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “बरं, संडास कुठे आहे?”

लुबर्ट खुर्चीतून अर्धवट उठला. “वरच्या मजल्यावर एक जास्त स्वच्छ...”

“वरचा मजला आहे तुमच्याकडे?”

“नाही,” लुबर्ट म्हणाला.

बाई गेल्या. योरितने कुजबुजत विचारलं, “काय झालं रे तुला? पांढरा पडलायस.” लुबर्टने सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात ऑफिस सांभाळणारी हर्मिन कॉफी आणि बिस्किटांचा डबा घेऊन आत आली आणि प्रत्येकाला एकेक बिस्कीट देऊन डबा घट्ट बंद केला. सांगायचं राहून गेलं. आत पाण्याची साखळी ओढल्याचा आवाज आला. एखादी बाई कॅलेंडर वाचेलच असं नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण तिथे वाचायला दुसरं काही नव्हतं.

बाकल्सबाई बाहेर आल्या त्या हात पुढे करूनच. “अभिनंदन,” त्या योरितला म्हणाल्या. मग लुबर्टचा हात हलवला, “अभिनंदन,” मग हर्मिनचा. इकडची रीतच आहे, वाढदिवस कोणाचाही असो, खोलीतल्या सगळ्यांचं अभिनंदन केल्याशिवाय कोणी खाली बसत नाही. बसल्यावर त्यांनी कर्मचाऱ्यांची यादी ओढली. “या लोहाउसबाई कोण? यादीत नाव नाही. बिनकराराची माणसं ठेवता का?”

“छे हो, त्या गिऱ्हाईक आहेत आपल्या,” हर्मिन कौतुकाने म्हणाली. “दरवर्षी मी कार्ड पाठवते. गेल्या वर्षी ट्यूलिपसुद्धा पाठवले.”

लुबर्टने कप खाली ठेवला. “तू कार्ड पाठवतेस?”

“मग? कॅलेंडरवर नाव आहे, आणि अक्षर तुझं. मला वाटलं मैत्रीण असेल. तू काही तोंड उघडणार नाहीस, म्हटलं आपणच करावं. पत्ता गिऱ्हाइकांच्या यादीत मिळाला.”

त्या कॅलेंडरवर वार नसतात आणि सालही नसतं. एकदा लिहिलेलं नाव, कोणी खोडेपर्यंत, दरवर्षी परत येतं. हे लुबर्टला माहीत होतं. फक्त सुचलं नव्हतं.

“फार चांगल्या आहेत हो बाई,” हर्मिन बाकल्सबाईंना म्हणाली. “दरवेळी उलट पत्र येतं.”

“काय लिहितात?”

“उघडली नाहीत. आभारच मानले असणार. याच्या टेबलावर ठेवली तर हा कानापर्यंत लाल होतो, म्हणून वाढदिवसाच्या डब्यात ठेवलीत.”

“आणा तो डबा,” बाकल्सबाई म्हणाल्या.

मेणबत्त्या आणि कागदी पताका बाजूला सारून हर्मिनने तळातून दोन लिफाफे काढले. बाकल्सबाईंनी पट्टीने ते फोडले आणि मोठ्याने वाचायला लागल्या.

‘महाशय, मी अभिनंदन नको असं लिहिलं, तर तुम्ही अभिनंदनाचं कार्ड पाठवलंत. माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो.’

योरितचे गुडघे हलायचे थांबले.

‘महाशय, ट्यूलिप मिळाले. आठ दिवस टिकले. तुम्ही हट्टी दिसता. मीही आहे. तुम्ही ठरवलेला माझा वाढदिवस पुढच्या वर्षी मी तुमच्याकडेच येऊन साजरा करीन. साडेदहाला, कॉफीच्या वेळी. केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो, तेव्हा मी आणते.’

सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहाला दोन मिनिटं होती.

“पहिलं पत्र कुठे आहे?” बाकल्सबाईंनी विचारलं.

लुबर्टने पिशवीतून पुस्तक काढलं, पुस्तकातून पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. पान हरवू नये म्हणून पुस्तकात त्याने बिस्किटाचा कागद घातला.

“तेरा मार्चची तक्रार,” बाकल्सबाई बोटं मोजत म्हणाल्या. “कार्ड बारा एप्रिलला. तिसावा दिवस. म्हणजे उत्तर मुदतीत गेलं. फक्त ज्याबद्दल तक्रार होती, तेच पाठवलं. अठरा वर्षं हे काम करते मी. असं बघितलं नव्हतं.”

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

लोहाउसबाई ठेंगण्या होत्या आणि सायकलच्या पिशवीतून सफरचंदाचा केक घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना नीट न्याहाळलं. “यातला अभिनंदन करणारा कोण?”

लुबर्टने शाळेतल्यासारखा हात वर केला. “मीच. मी तुम्हाला आत्ता सांगतो, काय झालं...”

“तोंडी नको,” लोहाउसबाई म्हणाल्या. “दोन वर्षं मी पत्राची वाट बघतेय. उत्तर पत्रानेच आलं पाहिजे. सुरी आहे का कोणाकडे?”

हर्मिनने सुरी आणली. बाकल्सबाईंनी नवा कागद काढला. “बाई, मी परीक्षक. या डबीमुळे तुम्हाला काही इजा?”

“अपमान.”

“त्याला रकाना नाही. गोळी कधी चुकली?”

“दोन वर्षांत एकदाही नाही.”

“डबीच्या आठवणीमुळे?”

“डबीच्या रागामुळे. तिला आठवण करून द्यायला मिळू नये म्हणून मी आठच्या आधीच उठते आणि तिच्याआधी गोळी घेते. तरी मेली बोलतेच.”

‘उपचारातलं सातत्य: उत्कृष्ट’, असं बाकल्सबाईंनी लिहिलेलं लुबर्टला उलटं वाचता आलं. पण पुढे पेन बराच वेळ थांबलं.

“दोन गोष्टी,” शेवटी त्या म्हणाल्या. “एक, तुमच्या मुदती संडासात सांभाळल्या जातात आणि कार्यपद्धतीत संडासाचा उल्लेख नाही. एकतर मुदती तिथून काढा, नाहीतर संडास कार्यपद्धतीत घाला. दोन, ही तक्रार उघडी आहे. उघड्या तक्रारीवर मी प्रमाणपत्राची शिफारस करत नाही. तुमच्याच कागदात काय लिहिलंय? ‘लेखी, टपालाने.’ कोणी लिहिलं हे?”

“मी,” लुबर्ट म्हणाला.

“मी इथे पाच वाजेपर्यंत आहे. कोपऱ्यावरची टपालपेटी पाचलाच रिकामी होते.”

सगळे केक खात बसले आणि लुबर्ट अठराव्यांदा लिहायला बसला. योरितने दोनदा डोकावून पाहिलं, दुसऱ्यांदा लोहाउसबाईंनी त्याला काट्याने हुसकावलं. “लिहू दे त्याला. आधीच भित्रा आहे.” साडेबारा वाजले. दोन वाजले. बाकल्सबाईंनी तापमानाच्या नोंदी तपासल्या, हर्मिनने दुसऱ्यांदा कॉफी केली आणि कोणालाही बिस्कीट दिलं नाही, केक होता म्हणून. पावणेचारला लुबर्टने पेन खाली ठेवलं.

‘श्रीमती लोहाउस, तो मी. माझी बायको बेर्ता आजारी असताना रोज सकाळी तिने गोळी घेतली की मी नगराध्यक्षाच्या आवाजात तिला “छान, अभिनंदन” म्हणायचो. ती हसायची. अकरा महिने हसली. मला वाटलं, सगळेच हसतील. माझं चुकलं. पुढच्या महिन्यापासून डबी गप्प राहील. उत्तराला उशीर झाला. लु. वेसेलिंक.’

बाकल्सबाईंनी ते वाचलं, वहीत तारीख घातली आणि पत्र लिफाफ्यात घालून त्याच्या हातात दिलं. योरितने तिकीट चिकटवलं. लोहाउसबाई सायकल हातात धरून त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या. लिफाफ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

नारिंगी पेटीला दोन तोंडं होती, एक जवळच्या गावांसाठी, दुसरं बाकी सगळ्यांसाठी. लुबर्ट थांबला. बाई झुटफनच्याच, म्हणजे जवळचं. पण जवळचं म्हणजे नक्की कुठपर्यंत, हे लिहिलेलं अक्षर पुसट झालं होतं. त्याने हात इकडे नेला, मग तिकडे नेला.

“दोन गल्ल्या पलीकडे राहते मी,” लोहाउसबाई म्हणाल्या. “टाक कुठेही. उद्या येईल.”

लुबर्टने डोळे मिटले आणि पत्र सोडलं. ते तळाला पडल्याचा हलका आवाज आला.

मागून, सकाळी आठला डबी बोलते त्याच सपाट सुरात, लोहाउसबाई म्हणाल्या, “छान. अभिनंदन.”