दिगंबर मास्तरांची शिट्टी

दिगंबर मास्तर अंत्ययात्रेत शिट्टी वाजवतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले एक आजोबा वारले. तिरडी उचलायला चौघे कमरेतून वाकले आणि मागून शिट्टी वाजली. चौघेही जागच्या जागी थांबले. गावातल्या निम्म्या पुरुषांनी शाळेत याच शिट्टीवर कवायत केलेली आहे. मास्तर पुढे आले. गुडघ्यांत बसा, मांडीच्या जोरावर उठा, पाठीचा मणका म्हणजे क्रेन नव्हे, असे त्यांनी रडणाऱ्या माणसांना सुनावले. चौघे बसले, उठले आणि यात्रा निघाली. वाटेत कुणीतरी देह फार ताठल्याचे म्हणाले. मास्तर तिथेही गप्प राहिले नाहीत.

"ताठन नाई तं काय? आवळाले ताकद लागते, तशी सोडाले बी लागते. मेलेल्यापाशी ते कुठून यीन?"

आमचे गाव तेलंगणात, इचोड्याच्या अलीकडे, नागपूर रस्त्याला लागून. मास्तर इथल्या मराठी शाळेतून पीटी शिकवून निवृत्त झाले, शिट्टी झाली नाही. रस्त्याकडेला कापसाचे ट्रक भरणारे तेलुगू हमाल त्यांना 'सारू' म्हणतात, मान डोलावतात आणि मास्तरांची पाठ वळली की पुन्हा वाकतात. मग पुन्हा शिट्टी.

स्नायू ढकलतो असे कुणी म्हटले की त्यांचे डोके फिरते. स्नायू फक्त ओढतो. दंडाच्या पुढचा ओढतो तेव्हा हात मुडपतो. तो सरळ करणे पुढच्याच्या हातात नाही. मागच्याने ओढावे लागते आणि त्या वेळी पुढच्याने सैल व्हावे लागते. हे सांगताना ते दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवून दाखवतात. आखडतो म्हणजे आतले धागे आटत नाहीत, असे सरकतात. हॉटेलात समोरच्याचा चहा निवतो. तोही मास्तरांच्या मते समोरच्याचाच दोष असतो.

त्यांच्या पत्नी सुमनबाई यांना मागच्या पोळ्याच्या सुमारास लकवा झाला. उजवा हात कोपरात मुडपून छातीशी गेला, मूठ मिटली ती मिटलीच. विचारपूस केली तर मास्तर "बरी हाय" म्हणत आणि लगेच हमालांवर घसरत. हळूहळू गावाने विचारणे सोडले.

यंदा चौकात मारुतीची उंच मूर्ती बसली. रंग पूर्ण झाल्यावर मास्तर तिच्याभोवती फिरले आणि त्यांनी मंडळाच्या विलासला बोलावले. विलास त्यांचा जुना विद्यार्थी.

"दंड पुढून बी फुगला, मागून बी फुगला. दोघंबी ओढून राह्यले तं हात हालन कसा? काऊन थिजवून ठेवला देवाले?"

"सार, देव हाय तो."

"देव हाय म्हनून हाडाले सांधा नाई का बे?"

विलासने मूर्तिकाराचा हिशेब झाल्याचे सांगितले. मास्तरांनी ही पोरांची फसवणूक असल्याचे जाहीर केले: उद्या शाळेतली मुले हाच दंड पाहून चुकीचे शिकणार. शनिवारी अनावरणाला मूर्तीवरचा पडदा सरकवला, तर आपण शिट्टी वाजवणार आणि थांबणार नाही.

शनिवारी लोक पडद्यापेक्षा गर्दीकडेच जास्त पाहत होते. विलासही सारखा मागे वळत होता. पडदा सरकला, नारळ फुटला, शिट्टी वाजली नाही. जिंकल्याचा आनंद विलासच्या चेहऱ्यावर दिसला नाही. त्याने प्रसादाचा पुडा माझ्या हातात दिला.

"लयच रागावले अस्तीन. देऊन या न."

मास्तर घरी सुमनबाईंच्या खाटेजवळ जमिनीवर बसले होते. गळ्यात शिट्टी नव्हती. शिट्टीची दोरी सुमनबाईंच्या उजव्या मुठीतून लोंबत होती. सकाळी निघताना ते सुमनबाईंची शाल सारखी करायला वाकले, लोंबती शिट्टी त्या मुठीच्या फटीत शिरून अडकली, आणि मास्तरांनी दोरी आपल्या गळ्यातून काढून ठेवली. तेव्हापासून ते तिथेच होते.

बोटे उघडून काढून घ्या, असे मी सुचवले. मला वाटले, आता ओरडतील.

"झटका देला का अजून आवळते," ते हळू म्हणाले. "आवळनारा जागा हाय. उघडनारा झोपला हाय. त्याले उठू द्या."

ते सुमनबाईंच्या हाताच्या मागच्या बाजूवरून मनगटापासून कोपरापर्यंत बोटे फिरवत राहिले. चौकातल्या कर्ण्यावर आरती सुरू झाली.

"सोड वं. घाई नाई."

सुमनबाईंच्या कपाळावर घाम आला. अंगठा थरथरला. मग पहिले बोट किंचित उचलले गेले, दुसरे त्याच्यामागे, आणि शिट्टी फरशीवर पडली.

मास्तरांनी ती उचलली, सदऱ्याला पुसली. आरती अजून चालू होती. चौक हाकेच्या अंतरावर होता. मी दारातून बाजूला झालो.

त्यांनी शिट्टी पुन्हा सुमनबाईंच्या तळहातावर ठेवली.

"अजून एकदा," ते म्हणाले.