बाई आल्या होत्या

बेलसरे समोर आले की नमस्कार वगैरे करत नसत. दोन पावलं अलीकडे थांबायचे, चष्म्यावरून आपल्याकडे रोखून बघायचे आणि विचारायचे, "आहात?"

याला "आहे" एवढंच उत्तर चालत असे. "हो, चाललंय आपलं" असं म्हटलं तर पुन्हा प्रश्न यायचा. नुसती मान हलवली तर म्हणायचे, "मान वाऱ्यानेही हलते. तोंडाने सांगा." आणि आपण "आहे" म्हटलं की त्यांना इतकं हायसं वाटायचं, की नंतर आपलं आपल्यालाच चाचपून बघावंसं वाटे.

नारायण पेठेतल्या आमच्या बँकेच्या शाखेत बेलसरे अधिकारी होते आणि मी कारकून. पेन्शनचं टेबल वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात, म्हणजे आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला येतात. हल्ली त्यासाठी अंगठ्याचं मशीन आहे. पण कष्ट करून ज्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्यात, त्यांना मशीन ओळखत नाही. अशांना बेलसऱ्यांपुढे बसवायचं. ते "आहात?" विचारणार, समोरून "आहे" येणार आणि मग सही होणार. ही सवय पुढे त्यांनी बँकेबाहेरही नेली. मंडईत पालेभाजी घेतानाही ते भाजीवालीला आधी "आहात?" विचारत. ती वैतागून म्हणायची, "नसले तर जुडी काय भुतानं बांधली?" त्यावर बेलसरे शांतपणे, "उत्तर रेकॉर्डवर घेतलं. आता भाव सांगा."

माणूस एकटा. लग्न केलं नाही, आई गेल्यावर घरात दुसरं कुणी नाही. पण नियमाला इतका पक्का, की शाखेतल्या मांजराला हाकलायचं ठरलं तेव्हा "त्याची बाजू ऐकून घेतल्याशिवाय नाही" म्हणून अडून बसला. मांजर अजून आहे.

अशा माणसावर आरोप आला, तो मेलेल्या बाईला जिवंत ठरवल्याचा.

बाईंचं नाव सुलोचना पंडित. निवृत्त शिक्षिका. त्या नोव्हेंबरात त्या आल्या, तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्यांना पाणी मीच दिलं होतं. राखाडी साडी, डोक्यावरून पदर. मशीनने अंगठा घेतला नाही. मग त्या बेलसऱ्यांच्या टेबलासमोर बसल्या. खुर्चीच्या एका कडेला, अर्ध्याच. शेजारी कुणाला जागा करून द्यावी तशा. पाण्याचा एक घोट घेतला आणि भांडं त्या रिकाम्या बाजूला सरकवलं. त्या बेलसऱ्यांशी काहीतरी हळू बोलल्या. बेलसऱ्यांनी हातातला कागद दोनदा वाचला. मग त्यांनी सही केली.

उन्हाळ्यात बाईंचा सासरकडचा पुतण्या परगावाहून आला. काकूशी त्याचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्याने मृत्यूचा दाखला पुढे ठेवला. सुलोचनाबाई वारल्या होत्या त्या आदल्या श्रावणात.

मी तो कागद वाचला आणि पाणी देताना बाईंच्या बोटांना माझी बोटं लागली होती, ते आठवलं. हात चांगले गार होते. पण नोव्हेंबरात कुणाचे नसतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शाखेत मात्र कुणाची समजूत पटेना. ती खुर्ची झाडायला कुणी तयार होईना. पहाऱ्यावरच्या शिंदेमामांनी तिच्या पायाला लिंबू-मिरची बांधली. व्यवस्थापकांनी ती अडगळीच्या खोलीत टाकली, तर दुसऱ्या दिवशी बेलसऱ्यांनी स्वतः उचलून परत जागेवर आणली. "खुर्चीवर आरोपपत्र नाही," म्हणाले.

खातेनिहाय चौकशी बसली. बचावासाठी सोबत सहकारी घेता येतो, तो मी होतो. बँकेचं म्हणणं सरळ होतं : कुणीतरी तोतया बाई आणली, बेलसऱ्यांनी ती नीट पारखली नाही. सीसीटीव्हीचं चित्रण तोवर पुसलं गेलं होतं. मी सांगितलं की एक बाई आल्या होत्या, त्या कोण हे मला माहीत नाही.

मग चौकशी अधिकाऱ्यांनी बेलसऱ्यांना विचारलं, "तुमच्यासमोर कोण आलं होतं?"

"बाई आल्या होत्या."

"कोणत्या बाई?"

"दाखल्यावर नाव आहे."

"अहो, त्या तीन महिन्यांपूर्वी वारल्या होत्या!"

"तसं त्या काही बोलल्या नाहीत."

सगळे हसले. बेलसरे हसले नाहीत. ते माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. मी माझी खुर्ची जरा अलीकडे ओढून घेतली.

निकाल लागला. पदावनती. अधिकारी बेलसरे कारकून झाले आणि माझ्या शेजारच्या काउंटरवर येऊन बसले. पेन्शनचं टेबल दुसऱ्याकडे गेलं. बेलसरे मात्र सकाळी आले की आधी त्या खुर्चीपाशी जात, तिच्याकडे बघून हलकेच मान लववत आणि मग आपल्या जागेवर येत. ग्राहक हे बघून टोकन तसंच ठेवून निघून गेल्याचं मी पाहिलं आहे.

खात्याकडचं अपील फेटाळलं गेलं, तेव्हा त्यांनी हायकोर्टात याचिका केली. वकील तरुण आणि स्पष्ट बोलणारे होते. "साहेब, कोर्ट पुरावा नव्याने तोलत नाही. चौकशी रीतसर झाली का आणि शिक्षा फारच जास्त आहे का, एवढंच बघतं. आपण शिक्षेवर बोलू. फक्त एक वाक्य द्या, की कुणीतरी मला फसवलं. आणि बाईचं वर्णन द्या."

"वर्णन कशाला?"

"पोलीस शोधतील ना तिला."

बेलसऱ्यांनी चष्मा पुसला. "बाई आल्या होत्या. यापुढे एक अक्षर नाही."

सुनावणीला मी रजा टाकून गेलो. न्यायमूर्तींनी कागद चाळले. त्यांना दया आली असावी. म्हणाले, इतकी वर्षं स्वच्छ नोकरी आहे, लाभ एका पैचा घेतलेला नाही. आपली फसगत झाली, ती अशी झाली, एवढं निवेदन यांनी दिलं तर शिक्षेचा फेरविचार करायला आम्ही बँकेला सांगू.

वकील आशेने मागे वळले. बेलसरे उठून उभे राहिले. 

"माझी फसगत झाली नाही," ते म्हणाले. "बाई आल्या होत्या."

न्यायमूर्तींनी त्यांच्याकडे बघितलं. मग, माझी शपथ, त्यांनी बेलसऱ्यांच्या मागे एकदा नजर टाकली. तिथे कुणी नव्हतं. "मृत व्यक्ती आली होती की नाही, हे या न्यायालयाला तपासता येणार नाही," ते म्हणाले. "चौकशी रीतसर झालेली आहे." याचिका फेटाळली गेली.

परतताना मी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. पण पुण्यात शिरताना राहवेना. "बेलसरे, तुम्ही खरंच भूत पाहिलंत का?"

"उद्या चार वाजता मोकळे आहात? चला एकीकडे."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, दुसरा, म्हणजे बँकेला सुट्टी. ते मला शनिवार पेठेतल्या एका बोळात घेऊन गेले. जिन्याखालची एक खोली. बेलसऱ्यांच्या हातात दोन पुडांचा डबा. त्यांनी कडी वाजवली. दार उघडलं.

राखाडी साडी. डोक्यावरून पदर. तोच चेहरा.

"या," बाई म्हणाल्या. "सुलू देवळात गेलीय. येईलच."

"या सुमनताई," बेलसरे मला हळूच म्हणाले. "सुलोचनाबाईंची धाकटी बहीण. दोघी इथेच राहायच्या."

सुमनताई कॉटच्या कडेला अर्ध्याच बसल्या. शेजारची जागा मोकळी. बेलसरे खाली सतरंजीवर बसले, टोपलीतून सुया काढल्या आणि एकेक सुई उजेडाकडे धरून दोरा ओवू लागले. काळा, पांढरा, काळा, पांढरा. ओवलेल्या सुया ते उशीत खोचून ठेवत. "यांना बारीक दिसत नाही आता. ब्लाउजला हूक लावतात घरी. आठवड्याच्या ओवून ठेवतो."

सुमनताई चहा करायला ओट्यापाशी वळल्या तेव्हा ते सुईवरची नजर न काढता सांगू लागले. "पहिल्या क्षणाला ओळखलं होतं मी. सुलोचनाबाई डावखुऱ्या. या उजव्या हाताने सही करायला लागल्या. मी म्हटलं, बाई, खरं सांगा, सुलोचनाबाई आहेत का? तर म्हणाल्या, सुलू आहे म्हणून मी आहे हो. ती नाही असं तुम्ही लिहिलंत, तर मी कुठे जाऊ?" दोरा सुईतून निसटला. त्यांनी तो ओठांत ओला केला. "मी काय लिहायला हवं होतं, ते मला पाठ आहे, देशमाने. शिक्षा योग्यच झाली. पण यांना चौकीवर नेऊन खरं-खोटं विचारलं असतं, तर यांच्या लेखी सुलोचनाबाई तिथेच मेल्या असत्या. आणि मग या."

"मग कोर्टात गेलातच कशाला?"

"रीत म्हणून. आपली बाजू कुणीतरी ऐकावी वाटतं ना."

सुमनताईंनी चार कप आणले. चौथा कॉटवरच्या मोकळ्या जागेसमोर ठेवला. बेलसऱ्यांनी त्या कपावर नीट बशी झाकली, गार होऊ नये म्हणून. मग शाखेतल्या गमती सांगायला लागले. सांगताना ते एकदा सुमनताईंकडे बघत आणि एकदा त्यांच्या शेजारी. मांजराला पिल्लं झाल्याचं सांगितलं, तेव्हा सुमनताई हसल्या आणि शेजारी वळून म्हणाल्या, "ऐकलंस?" मी माझा कप त्या चौथ्या कपापासून जरा दूर सरकवला. बेलसरे इतके मोकळे होऊन बोलताना मी बँकेत कधी पाहिले नव्हते.

निघताना सुमनताई दारापर्यंत आल्या. "उद्या रोजच्यासारखा उशीर करू नका हं. आम्ही दोघी थांबतो जेवायच्या."

आम्ही बोळातून बाहेर पडलो. रिक्षांच्या गोंगाटात आलो तेव्हा मला जरा धीर आला. म्हणालो, "बेलसरे, असं रोज एका नसलेल्या माणसाशी बोलायचं… तुम्हाला भीती नाही वाटत?"

ते थांबले. त्यांच्या त्या कोरड्या आवाजात म्हणाले, "देशमाने, या गावात जेवायला माझी वाट बघणारी दोन माणसं आहेत. त्यातलं एक कमी करू म्हणता?"

आणि रस्ता ओलांडून ते आपल्या घराकडे चालू लागले.